धर्ममाता कोण होऊ शकत नाही

“आत्या,” लवंगी म्हणाली आणि खाली बसली.

एवढंच झालं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग भरला होता, फरशीला फिनेलचा वास होता, पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, आणि दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराच्या, तयारीला आलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरं एकेक करून उठत होती. बिशप येतील त्या दिवशी आपल्यामागे कोण उभं राहणार, आपल्या उजव्या खांद्यावर हात कोण ठेवणार, म्हणजे आपली धर्ममाता किंवा धर्मपिता कोण, एवढंच सांगायचं होतं. लवंगीच्या आधीच्या मुलानं ‘मोठा काका’ म्हटलं होतं, नंतरच्या मुलीनं ‘शेजारच्या आंटी’ म्हटलं. टीचर प्रत्येकाला “छान” म्हणत होती. लवंगीलाही म्हणाली. आवाज तसूभरही हलला नाही तिचा. मग ती फळ्याकडे वळली आणि स्वच्छ पुसलेला फळा पुन्हा पुसू लागली. “टीचर आता फळ्याचं साल काढणार,” मागून कुणीतरी कुजबुजलं आणि हशा पिकला. तीही हसली. हसणारा वर्ग निदान झोपत तरी नाही, असं तिचं जुनं मत होतं.

टीचर म्हणजे लवंगीच्या बापाची दुसरी बायको. वर्गात ही टीचर आणि ती विद्यार्थिनी, आणि घरी गेल्यावर दोघी एकाच ओट्याशी कोपरानं कोपर ढकलत उभ्या. ‘सावत्र’ हा शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. इतक्या जपून टाळला होता की तो तिघांनाही पाठ होता. लवंगी हे बापानं ठेवलेलं नाव. पोरगी अंगानं एवढीशी आणि तिखट, म्हणून. टीचरलाही पोरांनी नाव ठेवलं होतं, ‘नियमबाई’, आणि ते आपल्याला माहीत नाही असं ती दाखवत असे. नियमांवर तिचा जीव होता हे खरंच. बाप्तिस्म्याचं पाणी किती वेळा ओतायचं, ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या आधी किती वेळ काही खायचं नाही, धर्ममाता कोण होऊ शकतं आणि कोण नाही. अर्धवट शिकलेला नियम न शिकलेल्यापेक्षा वाईट, असं ती बजावायची. आणि त्याच नियमांच्या दारातून तिनं यंदा एक आशा हळूच आत घेतली होती. महिन्यापूर्वी ती फादरांना भेटली होती. फादर म्हातारे, गालात कायम पेपरमिंटची गोळी. तिनं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, ताकाला जाऊन भांडं लपवत, विचारलं होतं, “फादर, समजा तिनं मला विचारलंच, तर मी उभी राहू शकते का तिच्यामागे? चालतं का ते?” फादरांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. “न चालायला काय झालं? मनाई आईबापांना असते. तू थोडीच तिची आई आहेस? खुशाल उभी राहा.” आणि ती चर्चच्या पायऱ्या एखाद्या पोरीसारखी उतरली होती. ‘तू तिची आई नाहीस’ हे वाक्य ऐकून आपण इतक्या खुशीत घरी गेलो, याचं तिला आता फळ्याशी उभं राहून नवल वाटत होतं.

लवंगीला मात्र ती काही बोलली नव्हती. धर्ममाता ज्याची त्यानं निवडायची, कुणी गळ घालायची नाही, हेही तिनंच शिकवलेलं. वर्गात तो भाग आला तेव्हा ‘आई-वडिलांना होता येत नाही’ एवढं सांगून ती पुढं गेली होती. सावत्र आईला होता येतं, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिसऱ्या रांगेत बसलेली लवंगी पाहून तिथंच थांबलं होतं. सगळ्यांसमोर ते म्हणणं म्हणजे पदर पसरण्यासारखं झालं असतं. मग ती नुसती वाट पाहत राहिली होती. रात्री जेवताना, सकाळी वेणी घालताना, लवंगीनं “ऐक ना” म्हटलं की तिचं हातातलं काम थांबायचं, आणि मग लवंगी म्हणायची, “माझे निळे मोजे कुठंयत?” मनातले मांडे मनात भाजत होते, आणि मोजे कपाटात सापडत होते.

वर्ग तर पुढं न्यायलाच हवा होता. तिनं पिशवीतून तेलाची लहान बाटली काढली. साधंच तेल, त्यात सुगंधाचे थेंब घातलेले. खरं पवित्र तेल चर्चमध्ये कुलपात असतं. पण तेल म्हणजे काय हे पोरांना कातडीवर कळलं पाहिजे, असा तिचा हट्ट. ती रांगेतून फिरली आणि प्रत्येकाच्या मनगटावर अंगठ्यानं एकेक क्रूस काढत गेली. “पाणी वाळून जातं,” ती म्हणाली, “तेल मुरतं. बाप्तिस्म्यात पाणी का आणि दृढीकरणात तेल का, ते आता हात धुवायला जाल तेव्हा कळेल.” एका उंच पोराला शंका आली. “टीचर, संस्कार तीन. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद. पण ख्रिस्तप्रसाद तर आम्ही आठ वर्षांचे असतानाच घेतला. मग दुसरा नंबर शेवटी कसा?” ती म्हणाली, “तीन पायांच्या स्टुलाला पहिला पाय कुठला आणि तिसरा कुठला रे? तिन्ही टेकले की स्टूल उभं राहतं.” “म्हणजे आजपर्यंत आम्ही दोन पायांवर?” “म्हणून तर इतके डुलता वर्गात.” पुन्हा हशा. लवंगीच्या मनगटाशी ती आली तेव्हा लवंगीनं हात पुढं केला, बारीक, थंड हात, नाडी उडताना दिसणारा. तिनं क्रूस काढला. इतरांना काढला तेवढाच, एक रेघ जास्त नाही.

घरी दोघी चालतच जायच्या. लवंगी बडबडत होती. बिशपांच्या दिवशी पांढरे बूट घालायचे की क्रीम, तो उंच पोरगा किती शहाणा समजतो स्वतःला, मनगटाचा वास कसा जात नाही. रस्ता ओलांडताना मोठ्या मुलीच्या ऐटीत तिनं टीचरच्याच कोपराला धरलं. लवंगी तिला कशानंच हाक मारत नसे. वर्गात टीचर, घरी “अगं”, “ऐक ना”, “कुठायस”. बैठकीतल्या फोटोतली, लवंगी लहान असतानाच गेलेली आई, ती ‘मम्मी’ होती. ते नाव आधीच दिलेलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नसतं. टीचरनंही कधी मागितलं नव्हतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं ती स्वतःबद्दल म्हणायची, आणि चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईनं हे म्हणावं याची तिला गंमत वाटायची. चाळिशी उलटेपर्यंत ती एकटी होती. भाड्याची खोली, दुकान, रविवारचा वर्ग. दुसऱ्यांची पोरं पाण्यातून, तेलातून, भाकरीच्या त्या पातळ चकतीतून पुढं पाठवायची आणि संध्याकाळी एका माणसाचा चहा करायचा. त्याचं तिला फार दुःख होतं असं नाही, सवय होती. मग एक दिवस दुकानात लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आला. बोटांच्या पेरांत वंगण बसलेलं, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, आणि जवळची अक्षरं दिसेनाशी झालेली. त्याच्याबरोबर सात वर्षांची एक पोरगी. बापाचे डोळे तपासून होईपर्यंत पोरीनं दुकानातल्या सगळ्या फ्रेमा नाकावर चढवून पाहिल्या आणि मग तपासणीच्या उंच खुर्चीवर जाऊन बसली. “मला पण विचार,” म्हणाली. तिनं काच बदलून विचारलं, “हे स्पष्ट की हे?” “हे.” “हे की हे?” “दोन्ही.” “दोन्ही नसतं. एक सांगायचं.” “मला दोन्ही दिसतंय तर खोटं कशाला सांगू?” बाप ओशाळला. ती मात्र त्या पोरीकडे बघतच राहिली. दुकानात चुकीचं उत्तर नसतंच, गिऱ्हाईक म्हणेल ते खरं; पण ते इतक्या ठामपणे कुणी तिला तोवर सांगितलं नव्हतं.

लवंगीनं वर्गात आत्याचं नाव सांगितल्यानंतरचा आठवडा तिनं दुकानात शेकडो वेळा ‘हे की हे’ विचारण्यात घालवला. अंधारलेल्या तपासणीच्या खोलीत माणसं समोर बसायची, हनुवटी टेकवायची, आणि ती काच फिरवायची. हे की हे. आत्या की मी. तिला स्वतःचा राग यायचा. आत्यात काय वाईट आहे? लवंगीच्या बापाची थोरली बहीण, लाँड्री चालवते, हसली की तीन दुकानं पलीकडे ऐकू जातं, पोरीवर जीव टाकते. आई गेल्यावरची दोन वर्षं तिनंच तर पोरगी सांभाळली. तिचा हक्क पहिला. हे सगळं तिला कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बाई, मघापासून तुम्ही तीच काच दाखवताय.” तिनं माफी मागितली आणि काच बदलली. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढल्यावर तिला लवंगीचा पहिला ख्रिस्तप्रसाद आठवला. लग्नाला वर्ष झालं होतं. घरी टेबलाशी बसून ती लवंगीला सराव करून घेत होती, अर्पण न केलेल्या चकत्या फादरांकडून आणलेल्या. डावा तळवा उजव्यावर, मान खाली, ‘आमेन’, मग तोंडात. लवंगीच्या टाळूला चकती चिकटली आणि ती जिभेनं सोडवताना तिनं जे तोंड केलं त्यानं दोघी हसून लोळल्या. मग हसता हसता लवंगी एकदम थांबली. “मम्मी आता हे खाऊ शकते का?” शिकवायला लागल्यापासून शेकडो प्रश्नांची उत्तरं तिच्या जिभेवर तयार असायची. या प्रश्नाचंही होतं, छान, शास्त्राला धरून. ते तिच्यानं दिलं गेलं नाही. “मला माहीत नाही गं,” ती म्हणाली. लवंगीनं तिच्याकडे नीट पाहिलं. “बरं,” म्हणाली. “मग मी थोडा वेळ तोंडात ठेवीन. तिच्यासाठी.” त्या रात्री ती नवऱ्याच्या कुशीत रडली होती, आणि का रडतेस विचारल्यावर तिला सांगता आलं नव्हतं की हे उपकाराचं रडणं आहे, म्हणून.

बैठकीच्या खोलीत तो फोटो होता. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी एक हसरी तरुणी, हातात पांढऱ्या झग्यातलं एक लाल, किंचाळणारं गाठोडं, आणि फादर, तेव्हाही म्हातारेच, शिंपलीनं पाणी ओतताहेत. फोटोवरची धूळ टीचरच पुसायची. सुरुवातीला नजर चुकवून. मग हळूहळू तिला त्या बाईशी बोलायची सवय लागली. मनातल्या मनात, दोन कामांच्या मध्ये. आज तुझीला ताप होता, उतरला. आज तुझी गणितात नापास, तुझ्या नवऱ्यावर गेलीय. आणि बरेचदा नुसतंच, बरं झालं तू हिला आणलंस. पाण्याशी तू धरलंस, भाकरीच्या वेळी मी होते. तेलाच्या वेळी कोण, असा प्रश्न तिनं त्या फोटोला महिनाभर विचारला नव्हता, पण झटकणं हातात घेऊन ती जरा जास्तच वेळ उभी राहायची. आता उत्तर मिळालं होतं. “तुला लागलं का गं मनाला?” नवऱ्यानं विचारलं. तो पेरांतलं वंगण जुन्या ब्रशनं काढत बसला होता. “कशाचं?” “उगाच सोंग नको. लवंगीनं ताईचं नाव सांगितलं ते.” ती म्हणाली, “पोरीची निवड आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करू का मी?” “अगं पण एकदा विचार की तिला. का म्हणून.” “नको. आणि तूही विचारू नकोस, शपथ आहे तुला.” त्यानं पुन्हा ब्रश चालवायला घेतला. तो चांगला माणूस होता. अडकलेली लिफ्ट जोर लावून उघडायची नसते हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. ती अंथरुणावर पडून जे मिळालं ते मोजायला लागली, हात, हाका, मोजे, ताप, आणि मोजता मोजता तिला खरंच बरं वाटलं. फक्त मधेच कुठंतरी तो रिकामा खांदा येत होता.

आत्या आली ती शुक्रवारी दुपारी, चष्मा वाकवून. ती स्वतःच्याच चष्म्यावर बसली होती, आणि ही काही पहिली वेळ नव्हती. “वहिनी, दांडी बघा हो जरा. गाल पोखरतेय,” म्हणत ती काउंटरवर रेलली. टीचरनं फ्रेम गरम हवेच्या यंत्रापुढं धरली. प्लास्टिक नरम पडायला वेळ लागतो, तेवढा वेळ आत्या गप्प बसेल हे शक्य नव्हतं. पण आज ती बसली. मग म्हणाली, “रागावलात का माझ्यावर?”

“मी? तुमच्यावर कशाला ताई?”

“हे बघा, मी तिला आधीच म्हटलं होतं. म्हटलं, बये, मला त्यातलं काय कळतं? आमेन कुठं म्हणायचं तेवढं मी शेजारच्याकडे बघून म्हणते. तुझ्या घरात एवढी शिकवणारी बसलीय, तिला घे की! तर माझ्यावरच खेकसली.”

“काय म्हणाली?”

“म्हणते कशी, ‘आत्या, आईला नसतं घेता येत. एवढंसुद्धा माहीत नाही तुला?’ मी म्हटलं, नसेल बाई माहीत, माझ्या वेळेला कुठं होते तुझ्यासारखे वर्ग. मग म्हणते, ‘आईला घेता येत असतं तर तुझ्या दारात आले असते का मी?’ तोंड बघा पोरीचं! तिखट ते तिखटच.”

“आईला म्हणाली?”

“मग काय म्हणणार? वहिनी! अहो वहिनी, चष्मा जळतोय माझा!”

दांडी चांगलीच वितळली होती. टीचरनं दुसरी फ्रेम काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि आत्या गेल्यावर तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन, दार लावून, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. समोर अक्षरांचा उजळ तक्ता होता. डोळे भरल्यामुळे त्यातलं सगळ्यात मोठं अक्षरही तिला दिसत नव्हतं. लवंगीनं तिला टाळलं नव्हतं. लवंगीनं नियम पाळला होता, तिनंच शिकवलेला, अर्धा शिकवलेला. पोरीच्या हिशेबी प्रश्नच नव्हता. आईला येत नाही, ही आई, तेव्हा हिला येत नाही. किती साधं. नऊ वर्षं ज्या शब्दाची तिनं वाट पाहिली नाही असं ती स्वतःला सांगत होती, तो शब्द पोरीनं कधीच घरात आणून ठेवला होता, आणि बोलून दाखवायची गरज तिला वाटली नव्हती. जशी स्वतःच्या नाकाबद्दल कुणी बोलत नाही. टीचरला हसू आलं, मग हुंदका आला, मग बाहेर गिऱ्हाइकाची घंटा वाजली आणि ती तोंड पुसून बाहेर गेली. त्या दिवशी तिनं सगळ्यांना जरा जास्तच सूट दिली.

आणि बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की गाडं अजून अडलेलंच आहे. कारण पोरीचं चुकलं होतं. मनाई जन्म देणाऱ्या आईला, सावत्र आईला नाही. नियमबाईच्या वर्गातली मुलगी, नियमबाईच्याच घरातली, चुकीचा नियम धरून बसली होती, आणि तो दुरुस्त करणं हे तिचं काम होतं. एवढंच नाही, दुरुस्त केला की तिला हवं होतं तेही मिळत होतं. ‘घेता येत असतं तर’ असं लवंगी म्हणालीच होती. आत्या तर एका पायावर बाजूला व्हायला तयार झाली असती. मग बिशपांच्या दिवशी ती त्या रांगेत उभी राहिली असती, हात पोरीच्या खांद्यावर, त्या हाडकुळ्या खांद्याची ऊब तळव्यात, आणि बिशपांचा अंगठा कपाळावर टेकताना पोरीचा श्वास अडकला तर तो तिच्या हाताला कळला असता. हे तिला इतकं हवं होतं की बसची दांडी धरलेला हात दुखायला लागला. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य ती जुळवू लागली. ‘अगं, नियम तसा नाहीये, मी चालते.’ का चालतेस? ‘कारण मनाई खऱ्या आईला असते.’ नको. ‘जन्म देणाऱ्या आईला.’ तेही नको. ‘कारण कायद्यानं मी तुझी—’ कुठूनही सुरुवात केली तरी बस एकाच थांब्यावर येऊन उभी राहत होती. कारण मी तुझी आई नाही. फादरांच्या तोंडून जे ऐकून ती नाचत घरी गेली होती, तेच तिला आता स्वतःच्या तोंडानं पोरीला सांगायचं होतं. तिचा थांबा मागं पडला. ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलटी चालत आली.

तरी तिनं ठरवलं की सांगायचं. खोटं शिकवलेलं तसंच ठेवायचं नाही. दिव्याखाली अंधार नको. रात्री लवंगी जमिनीवर बसून बुटांना पांढरं पॉलिश लावत होती. “तुला एक सांगायचं होतं,” टीचर म्हणाली. “धर्ममातेबद्दल.”

“आत्या उशिरा येईल म्हणून ना? मी तिला अर्धा तास आधीची वेळ सांगितलीय. काळजी सोड.”

“ते नाही.”

“मग?” लवंगीनं मान वर केली. नाकावर पॉलिशचा ठिपका होता. उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, “आणि तू त्या दिवशी पोरांना हाकत मागं उभी राहू नकोस हं. पप्पांजवळ पुढं बस. आईबापांची बाकं पुढची असतात, तूच सांगितलंस. मागं बसलीस तर मला दिसणार नाहीस तू. मला भीती वाटली तर मी कुणाकडे बघू? आत्या तर माझ्या पाठीशी असणार, ती कशी दिसेल?”

टीचर तिच्याजवळ खाली बसली. “बोल ना, काय सांगायचं होतं?” लवंगीनं विचारलं. “नाकाला पॉलिश लागलंय,” ती म्हणाली आणि पदराच्या टोकानं ते पुसलं. पुसलं गेलं तरी ती थोडा वेळ पुसत राहिली.

उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता रविवार आला. बिशप यायच्या आधी फादर स्वतः वर्गाची तोंडी परीक्षा घेत. ते समोरच्या खुर्चीत बसले, पेपरमिंट गालात सरकवली आणि एकेकाला उठवू लागले. बाप्तिस्म्यात आपण कुणाच्या कुटुंबात जन्मतो? दृढीकरणात कुणाचं दान मिळतं? उंच पोरगा अडखळला, फादरांनी त्याला पहिला शब्द दिला आणि तो घसरत उत्तरापर्यंत गेला. टीचर भिंतीशी उभी होती. प्रत्येक पोराबरोबर तिचेही ओठ हलत होते. मग फादर म्हणाले, “लवंगी, तू सांग. धर्ममाता कोण होऊ शकत नाही?”

लवंगी ताडकन उठली. तिला सोपा प्रश्न आल्याचा आनंद झाला होता. “आई आणि वडील, फादर. त्यांची जबाबदारी आधीपासूनच असते, म्हणून आणखी एक माणूस लागतं. म्हणून मी आत्याला घेतलंय. नाहीतर आमच्या घरातच होतं की माणूस.”

फादरांची भुवई वर गेली. त्यांनी लवंगीकडे पाहिलं, मग भिंतीशी उभ्या टीचरकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. एका पोरीची चूक आता आपण दुरुस्त करणार आणि दोन माणसं खूश होणार, याचं ते हसू होतं. “अगं पोरी,” ते म्हणाले, “पण तुझ्या बाबतीत तो नियम लागत नाही. तुझी ही टीचर काही तुझी—”

“फादर,” टीचर म्हणाली.

आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. सगळी पोरं वळून बघू लागली. वर्गात तिनं आजवर फादरांचं बोलणं कधी तोडलं नव्हतं. आत्ताही तो खांदा मिळत होता. नुसतं गप्प राहिलं असतं तरी मिळत होता, फादरच बोलून टाकत होते, तिच्या जिभेला विटाळसुद्धा नव्हता. लवंगी उभीच होती, कपाळाला आठी घालून, फादरांचं राहिलेलं वाक्य ऐकायला थांबलेली.

“तिचं उत्तर बरोबर आहे, फादर,” टीचर म्हणाली.

“अगं, पण तूच तर मला येऊन—”

“आईला उभं राहता येत नाही. मीच शिकवलंय तिला. बरोबर आहे तिचं.”

फादर तिच्याकडे बघत राहिले. गोळी या गालातून त्या गालात गेली आणि परत आली. मग त्यांनी मान खाली घातली, अगदी हळू, वेदीपुढं घालतात तशी. “बरोबर,” ते म्हणाले. “पैकीच्या पैकी. बस पोरी.”

लवंगी बसली, शेजारणीला कोपरानं ढोसून “बघितलंस?” म्हणाली. फादरांनी पुढच्या पोराला उठवलं, आणि तो ख्रिस्तप्रसादाबद्दल काहीतरी भलतंच सांगू लागला, ते दुरुस्त करायला टीचरनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिनं भिंतीला पाठ टेकली. देवा, ती मनात म्हणाली, तुझे किती उपकार. आता हे एवढं एक चुकीचं उत्तर माझ्या नावावर राहू दे.